टीव्हीवरचा चेंडू

मंडळी, माझा उजवा अंगठा आज धारातीर्थी पडला आहे, तरी हे लिहितोय.

बोटीवर नोकरीला असलेल्या थोरल्या मुलाने टीव्हीला जोडून खेळायचा चेंडूचा खेळ आणलाय. साताऱ्यातला आमचा टीव्ही एरवी नुसत्या मुंग्या दाखवतो.

फौजेतून सुट्टीवर आलेला बालमित्र महादू, आमची सौभाग्यवती आणि मी दुपारभर खेळलो. थोरल्याची पाळी आलीच नाही.

डाव्या बाजूने खेळणारा महादू सारखा हरत होता.

सौभाग्यवती म्हणाली, "आवं भावजी, फौजेत असाच नेम धरता व्हय?"

"वैनी, चेंडू दिसंल तवा मारीन की!"

बाजू बदलली, तर गड्याने मला सलग धुतलं.

हसू आत्ता ओसरलं. डावीकडचा चेंडू त्याला खरंच दिसत नव्हता, आणि सोमवारी तो घाटात फौजेचा ट्रक चालवायला परत जातोय. त्याला हे कसं सांगू? मला भीती वाटतेय.