घोटलेलं पार्किंग

पाणी जिरवणारं पार्किंग करायचं आमच्या सोसायटीत ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिंपळे सौदागरमधल्या या सोसायटीत मी निवृत्त झाल्यापासून राहतो आणि आधी चाकणच्या एका कारखान्यात बांधकाम विभागाचा सुपरवायझर होतो, एवढं लोकांना माहीत आहे. दर पावसाळ्यात आमच्या तळघरात पोटरीभर पाणी साठतं. पंप लावून ते रस्त्यावर सोडायचं, की रस्त्यावरून ते समोरच्या सोसायटीत जातं आणि मग त्यांचे लोक भांडायला येतात. उन्हाळ्यात दोन्हीकडे टँकर.

बैठकीत सचिवबाईंनी ठेकेदाराचं पत्रक वाचून दाखवलं. वाळू न घालता, नुसत्या बारीक खडीचं काँक्रीट. त्यातून पाणी खाली उतरणार, त्याखालच्या खडीच्या आणि वाळूच्या थरांतून गाळून शोषखड्ड्यात जाणार. शेवटी ठळक अक्षरांत सूचना होती, की गवंड्यांना घोटाईची, म्हणजे थापीनं पृष्ठभाग गुळगुळीत करायची, सवय असते, त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावं. त्यावर एक गृहस्थ हसून म्हणाले, "चाकणला तर एका पठ्ठ्यानं अख्खं पार्किंग घोटून आरसा केला होता म्हणे. काका, तुमच्याच कंपनीत ना?"

सगळे हसले. मीही हसलो. चहाचा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही.

तो पठ्ठ्या मला माहीत आहे. त्याच्यावर आरोप लिहिणारा हातही माझाच.

बारा वर्षं झाली. कारखान्याच्या मागच्या बाजूला कामगारांच्या दुचाकींसाठी असंच पार्किंग करायचं होतं. या भागात ते नवीन होतं. पुण्याहून एक सल्लागार दोन दिवस येऊन समजावून गेला. सिमेंट बेताचं, वरून फक्त रूळ फिरवायचा, थापी लावायची नाही, प्लास्टिक अंथरून ठेवायचं. काम ज्या गवंड्याकडे होतं, तो मराठवाड्यातून आलेला, तिशी-पस्तिशीचा माणूस. त्याला त्याच्या साडूनं, म्हणजे आमच्या लेबर ठेकेदाराच्या मुकादमानं, कामाला लावलं होतं. जमिनीची घोटाई करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी हे काम त्यानं सल्लागाराच्या सांगण्याप्रमाणे केलं, थापी पिशवीतच ठेवली. मधल्या सुट्टीत बादलीभर पाणी ओतून ते दिसेनासं होताना पाहायला कामगार जमायचे.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी प्रशासनाचे मोठे साहेब बघायला आले. मुख्य कार्यालयातून पाहुणे येणार, नारळ फुटणार, फोटो निघणार. साहेब म्हणाले, "ही काय शेंगदाण्याची चिक्की केलीय? काम अर्धवट ठेवून बोलावताय का लोकांना?" मी समजावायला हवं होतं. मला नीट समजलेलं होतं, सल्लागाराच्या शेजारी मीच उभा होतो. पण चारचौघांत 'अर्धवट' हा शब्द मला लागला. तीस वर्षं मी गुळगुळीत जमिनी करून घेतल्या होत्या, त्यावरच माझं नाव होतं. आणि साहेबांना नाही म्हणायची सवय कधीच नव्हती.

साहेब गेल्यावर मी गवंड्याला सिमेंटची पातळ स्लरी करून वरून मारायला आणि थापीनं घोटायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, भोकं बुजतील की. मग पाणी जायचं कुठनं?" मी म्हटलं, पुढचाच पट्टा कर. पुढचा पट्टा झाल्यावर दोन रंग दिसायला लागले, म्हणून सगळंच करायला लावलं. एक कोपरा तेवढा सोडला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्याच कोपऱ्यात मी पाणी ओतून दाखवलं. टाळ्या पडल्या. हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या मध्याला सलग दोन दिवस पाऊस लागला. पार्किंगवरचं सगळं पाणी उताराने भिंतीकडे गेलं, भिंतीखालून पलीकडच्या चाळीत शिरलं. तिथे आमचेच कंत्राटी कामगार राहत. गाद्या, पिठाचे डबे, एकाची शाळेची कागदपत्रं. कुणाला इजा झाली नाही, पण कामगार गेटवर येऊन बसले. वरून चौकशी आली. मला विचारलं गेलं, घोटलं कोणी? मी म्हणालो, गवंड्यानं. हात त्याचाच होता, तेव्हा खोटं बोललो असं वाटूही नये अशी सोय होती. मग लेखी मागितलं तेव्हा मी लिहिलं, की सूचना देऊनही संबंधित गवंड्याने सवयीने पृष्ठभाग घोटला. सही केली. साहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

गवंड्याला गेटबंदी झाली. त्याच्या साडूलाही ठेकेदाराने काढलं, कारण माणूस त्यानं आणला होता. एवढं मला तेव्हाच माहीत होतं. बाकीचं मी माहीत करून घेतलं नाही.

बैठकीनंतर आठवडाभर मी त्या गवंड्याचा पत्ता शोधला. भोसरीच्या एका हार्डवेअरवाल्याकडून कळलं, की तो आता दिघीत फरशी बसवायची कामं करतो. एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बाथरूमच्या भिंतीला टाइल लावताना तो सापडला. लिफ्ट सुरू नव्हती. गुडघे धरत पोहोचलो. त्यानं मला लगेच ओळखलं. पालथी बादली पुढे सरकवली आणि बसा म्हणाला.

मी सगळं सांगितलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो, ते माझं मलाच अवघड वाटलं. तो टाइलच्या कडा पुसत राहिला. मग म्हणाला, की काम काय, मिळत गेलं. पण साडू बारा वर्षं बोलत नाही. बायका बहिणी-बहिणी, त्या लपून फोन करतात. साडूच्या मुलीचं लग्न झालं, यांना पत्रिका नव्हती. साडूचं म्हणणं एकच, तुझ्या हाताच्या खाजेपायी माझी मुकादमी गेली.

"सांगितलं नाही का त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं की. सुपरवायझरचा कागद हाय म्हणाला, तुझं काय हाय?" मग थांबून म्हणाला, "तुम्ही तोंडी नका सांगू, साहेब. कागद द्या."

घरी येऊन दोन दिवस मी तो कागद लिहिला. आदेश माझा होता, अहवाल खोटा होता, कोपरा मुद्दाम सोडला होता, सगळं लिहिलं. मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही, नुसती पाठ दुखली. पुन्हा दिघीला गेलो. त्यानं हात धुतले, कागद खिडकीशी नेऊन सावकाश वाचला. एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

मी लिहिलं होतं, 'तो साधा, अशिक्षित कामगार होता. या नव्या कामाची त्याला जाण नव्हती. तो केवळ हुकमाचा ताबेदार होता.' मला वाटलं होतं, यानं त्याची बाजू बळकट होईल.

"जाण नव्हती कशी?" तो म्हणाला. आवाज चढला नाही. "तुमच्याआधी मला कळलं हुतं, भोकं बुजतील म्हणून. सांगितलं हुतं तुम्हाला. साडू हे वाचंल तर म्हणंल, बघा, कामच येत नव्हतं याला. त्यापरीस जुना कागद बरा हाय."

मी तिथेच बादलीवर बसून, त्याच्याच मोजमापाच्या वहीतलं पान घेऊन पुन्हा लिहिलं. गवंड्याने मला स्पष्ट सांगितले होते की छिद्रे बुजतील. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी ऐकले नाही. त्यानं वाचलं, खाली पूर्ण नाव आणि पत्ता घालायला लावला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मी उठलो तेव्हा तो पुन्हा टाइलकडे वळला होता. चहाचं विचारलं नाही, आणि का विचारावं?

पुढच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं, की चाकणचं ते पार्किंग मी घोटायला लावलं होतं, आणि पत्रकातली ती सूचना सुपरवायझरवर लक्ष ठेवा अशी हवी. मग पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, यावरचा आधीचा वाद पुन्हा सुरू झाला.

परवा त्याचा फोन आला. साडूनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला म्हणे. घरात घेतलं, पाणी दिलं. मग एवढंच विचारलं, की हे आत्ता का?

"मी काय सांगू त्याला?" त्यानं मला विचारलं.

मी म्हणालो, "सांगा, उशीर सुपरवायझरचा आहे. तुमचा नाही."

"हेबी लिहून द्या मग," तो म्हणाला.

आज तेच लिहायला बसलो आहे.