सोन्याच्या पत्र्यांचे अकरा साक्षीदार

बीडच्या मुन्सफीत वकिली करताना मी एवढंच शिकलो, की शपथेवर बोलणाऱ्या माणसाइतका निर्लज्ज प्राणी दुसरा नाही. निजामाचा अंमल, कामकाज उर्दूत आणि साक्षीदार बारा महिने तेच. लिंबागणेशची मारामारी आणि पालीची चोरी एकाच आठवड्यात ‘डोळ्यानं पाहिलेला’ एक महाभाग तर माझ्याच अशिलाने आणला होता.

त्यामुळे मास्तरकी करणारा माझा धाकटा भाऊ नगरहून ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला, तेव्हा उघडण्याआधीच मला हसू आलं. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचा तो धर्मग्रंथ त्याला कुणा गोऱ्या प्रवाशाने दिला होता. तिकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराने म्हणे टेकडीतून सोन्याचे पत्रे काढले, त्यांवरचा मजकूर वाचून हे पुस्तक सांगितलं आणि मग देवदूत ते पत्रे परत घेऊन गेला. म्हणजे मुद्देमाल गायब! त्याऐवजी पुस्तकाच्या सुरुवातीला अकरा साक्षीदारांची जबानी छापलेली. एवढ्यावर आमचे बंधुराज घर सोडून त्या प्रवाशामागे निघाले होते.

आई रडकुंडीला आली. “तू वकील हायस ना? पाड त्याचे साक्षीदार खोटे. मंजी तो ऱ्हाईल घरात.”

भाऊही कबूल झाला. “दादा, तुमी साक्षी खोट्या ठरवा, मी जात न्हाई.”

इतका सोपा खटला मला आयुष्यात मिळाला नव्हता. आईला ओसरीवर बसवून मी माजघरात एकेका साक्षीदाराला सोलून काढलं. तिघे म्हणतात, पत्रे देवदूताने दाखवले. देवदूताला समन्स कोण बजावणार? उरलेले आठ म्हणतात, पत्रे हातात घेऊन पाहिले. त्यांत तिघे म्हणजे त्या पोराचा बाप आणि दोन भाऊ, बाकीचे पाच दुसऱ्या एकाच घरातले भाऊ आणि जावई. शिवाय मजकूर एकच, खाली सह्या ओळीने. आमच्याकडे कोर्टाचा अमीन लिंबाखाली बसून पंचनामा लिहितो आणि वादाच्या जागेकडे पाठ करून बसलेले पंच अंगठे उठवतात, तसलाच हा कागद. मी ते पुस्तक भावाकडे सरकवलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढं त्या पत्रेवाल्या माणसाशी फाटलं. त्या तिघांना तर पंथातून भाईर काढलं. पर पाहिलंच न्हाई, असं एकानंबी मनलं न्हाई, दादा.”

हे मला ठाऊक नव्हतं. आमचे साक्षीदार पंगतीत मागे बसवलं तरी उलटतात. मी चिडून म्हणालो, “हट्टी मूर्ख सगळ्या मुलखात असतात.” हा युक्तिवाद नव्हे, हे मला बोलतानाच कळलं.

तो खालच्या आवाजात म्हणाला, “चुलतीच्या बांधाच्या पंचनाम्यावर तुमची सही हाय. तो हद्दीचा दगड कुटं होता, तुमी पाहिलता?”

मी पाहिला नव्हता. त्या दिवशी रानात गुडघाभर चिखल होता आणि माझ्या पायात नवा जोडा. अमीन म्हणाला, तुम्ही तर घरचेच, आणि मी लिंबाखालीच सही ठोकली. विधवा चुलतीची बांधालगतची जमिनीची पट्टी शेजाऱ्याकडे गेली. त्यानंतरही मी तिच्या घरी दिवाळीला जेवलो आणि तिने मला आग्रहाने वाढलं. इतका हलकट साक्षीदार मी माझ्या कुठल्याच अशिलाला उभा करू दिला नसता.

भावाने पुस्तक एका जुन्या धोतरात गुंडाळलं, आईच्या पाया पडला आणि नगरकडे जाणाऱ्या बैलगाडीत बसला.

गाडी वळणाआड गेल्यावर आई माझ्याकडे वळली. “कावून गेला रं? काय मनला?”

“साक्षीदार सगळे खोटे निघाले,” मी म्हणालो. “तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून गेला.”

आईला ते खरं वाटलं. पुढे त्याचं पत्र आलं की वाचून दाखवायला ती माझ्याकडेच द्यायची आणि डोळे पुसत म्हणायची, “लाज कसली रं त्यात? लिही त्याला, ये मनावं.”