आजींच्या फोटोवरचं पाणी
ओल्या कपड्यांचा वास आला की दशाश्वमेध घाटामागच्या गल्लीतलं ते फोटोचं दुकान मला आठवतं. खिडकी नव्हती, स्नान करून ओलेत्यानंच येणाऱ्या गिऱ्हाइकांचा वास आत कोंडून राही. मी फोटो सुधारायचे तो कॉम्प्युटर आतल्या भिंतीशी होता आणि दारात मालकांचं स्टूल. मला बाहेर पडायचं तर आधी त्यांना उठावं लागे. एका दुपारी महाराष्ट्रातून आलेले एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला धरून आत आले. आईला घाटाच्या पायऱ्या उतरवेनात, स्नान राहिलं होतं, आणि संध्याकाळी परतीची गाडी होती. "गंगेत बुडी मारल्यासारखा हिचा फोटो करून द्या," ते म्हणाले, "घरी सगळे वाट बघताहेत." मी मराठीत म्हटलं, "नावाडी उचलून नेतात हो पाण्यापर्यंत." मालक म्हणाले, "बिटिया, काम करो." मग मी त्यांचा फोटो काढला आणि पडद्यावर आजींच्या कपाळावर, गालांवर एकेक थेंब काढत गेले, एका कडेला उजेड, खाली बारीकशी सावली. आजी माझ्या शेजारी बसून स्वतःला भिजताना बघत होत्या. "थोडे कमी कर गं बाई," त्या म्हणाल्या, "एवढं पाणी मला सोसलं नसतं." फोटो पाठवल्यावर लगेच घरून फोन आला आणि नातवानं विचारलं, "आजी, पाणी गार होतं का?" त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मान खाली घातली. कोरडा गाल पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "हो रे, फार गार होतं." आता माझ्या आईलाही घाट उतरवत नाही, मी रोज सकाळी तिच्यासाठी तांब्याभर गंगा वर घेऊन येते.