चिंबोरीची नांगी

"पन माजा चुकला काय, ता त सांग!" राजाबाईंचा आवाज चढला. "नवीन कापर घरान आला, देवीला दावला. हलदीकुकवाचा बोट लावला. तुज्या शालूलाबी लावलेला, तवा नाय ओरडलीस!"

"आई, तो शालू माझा होता. हा स्कार्फ मॅडमचा आहे," सुचिता सासूला तिसऱ्यांदा म्हणाली.

रेशमी स्कार्फ पलंगावर पसरलेला होता. कोपऱ्यात बोटाच्या टोकाएवढा पिवळा-तांबडा डाग. राजाबाईंनी तो ओल्या फडक्याने पुसायला घेतला आणि भोवती पाण्याचं वर्तुळही उमटवून ठेवलं होतं.

घणसोली गावातल्या या दोन खोल्यांत सुचिता नऊ वर्षं वाशीच्या रुतिका मॅडमच्या स्कार्फांच्या कडा हाताने वळत होती. अंगठा आणि तर्जनीत कड गुंडाळायची, काडीएवढी बारीक, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर न दिसणारा टाका. बोटं जरा खरखरीत झाली तरी रेशमाचा धागा ओढला जातो, म्हणून घरातली मासळी सासूच साफ करायची. सुनेला कधी हात लावू दिला नव्हता.

हा स्कार्फ मॅडमनी स्वतः रंगवला होता, पुढच्या आठवड्यातल्या प्रदर्शनासाठी. असा एकच. खाडीच्या पाण्याचा मळकट हिरवा रंग. तिवराचं एक मूळ एका कोपऱ्यातून निघून चारही कडांनी फिरत पुन्हा तिथेच परत यायचं, कुठेही न तुटता. तिथेच एक चिंबोरी, खाडीतली खेकडी, नांगी कडेला टेकवून. सुचिताने पहिल्या दिवशी टाकाच घातला नव्हता. नुसती ती रेघ बोटाने गिरवत राहिली होती. नऊ वर्षांत मॅडमनी डागापायी दोन बायकांचं काम बंद केलेलं तिने पाहिलं होतं.

"एवढुसा तर डाग," सुचिताचा नवरा अंकुश बुटांची लेस बांधत म्हणाला. न्हावा शेव्याच्या यार्डात दुपारपाळी होती त्याची. "कड जरा जास्त वळ, आत जाईल. कोण बघतंय? फुकटचं टेन्शन."

सुचिताने कड घेतली आणि अर्धं बोट जास्त वळून पाहिली. डाग खरंच वर्तुळासकट दिसेनासा झाला. तिने स्कार्फ खिडकीच्या उजेडात धरला.

राजाबाई फणफणत जवळ आल्या, वाकून बघू लागल्या. लग्नाआधीपासून चिखलात हात घालून चिंबोऱ्या धरत आलेली बाई.

"नांगी गेली," त्या म्हणाल्या. "लंगरी केलीस गो तिला." मग हळूच, "तुज्या मॅडमनी बरोब्बर कारलेली. म्हनून त देवीला दावली."

"अरे, चित्र आहे ते!" अंकुश म्हणाला.

दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. सुचिताने वळलेली कड उलगडली. डाग पुन्हा वर आला. नांगीही.

तिने स्कार्फ पांढऱ्या मलमलीत गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

"उद्या मी हा असाच मॅडमना देणार आहे. काय झालं तेही सांगणार. त्यांनी काम ठेवलं, तर रोज वाशीला त्यांच्याकडे बसून करीन. नाही ठेवलं, तर नाही. पण रेशीम या घरात पुन्हा आणणार नाही."