बारी सरांचा लोहचुंबक

बारी सरांच्या खिशात पेनाशेजारी एक लोहचुंबक असायचा. कुणाकडे नवी वस्तू दिसली की ते तो तिला लावून पाहत आणि मगच मत देत. माझ्या नव्या स्टीलच्या डब्याला तो चिकटला नाही, तेव्हा म्हणाले, "तुमच्यासारखाच. जन्मभर चमकेल, कशात पडणार नाही."

डहाणूच्या शाळेत ते रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. सरांना माणसांचा तिटकारा आहे असं सगळे म्हणत. ते अर्धंच खरं. तिटकारा होता तो खुर्चीतल्या माणसांचा. तो मला त्यांच्याकडूनच लागला.

तलासरीकडच्या एका पाड्यावर हातपंपाला पिवळं पाणी येऊ लागलं. मागच्या बंद खाणीत कुणीतरी कारखान्याचा गाळ ओतून गेलं होतं. मी म्हटलं, "गढूळ दिसतंय."

"गढूळ कुठलं? आरपार दिसतंय. हे क्रोमियम. पिवळं म्हटलं की तुम्हा मराठीवाल्यांना सोनं नाहीतर माती, दोनच सुचतात."

त्यांनी नळीतल्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. गुलाबी म्हणजे विष.

त्यांचा उपाय दिसायला अगदी दळभद्री होता. लेथवर कातलेल्या साध्या लोखंडाचा कीस आणायचा, सोड्याने धुऊन त्याचं तेल काढायचं, वाळूत मिसळून पिंपात भरायचा आणि पंपाचं पाणी त्यातून सावकाश सोडायचं. लोखंड गंजतं आणि गंजता गंजता क्रोमियमचं विष उतरवतं. निवळलेलं क्रोमियम गंजाबरोबर पिंपातच अडकतं. "जे गंजतं तेच राबतं," सर म्हणत. दर रविवारी ते कीस घेऊन पाड्यावर जात. पंपाशेजारी राहणाऱ्या जानकीबाईला त्यांनी थेंबांची परीक्षा शिकवली होती. पाणी बिनरंगी राहिलं तरच ती हंडा भरू देई.

मग सर आजारी पडले आणि पिंप शाळेच्या सेवा समितीने ताब्यात घेतलं. अध्यक्ष चिकूच्या वाडीचे मालक, सचिव मी. उद्घाटन ठरलं. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, पाहुणे येणार आणि आपण त्यांना गंज दाखवायचा?" त्यांनी पुतण्याच्या वर्कशॉपमधून स्टेनलेसचा कीस आणवून जुन्याच्या जागी पिंपात भरला. चांदीसारखा लखलखीत. मला तो स्वच्छ वाटला. 'येथील पाणी पिण्यास निर्धोक आहे' ही पाटी मीच सुवाच्य अक्षरात लिहिली. पाहुण्यांनी पिंपाला हार घातला आणि तहान लागल्यावर ते बाटलीतलं पाणी प्यायले.

चार दिवसांनी जानकीबाई एसटीने शाळेत आली. "गुरुजी, तुमचे चांदीतून पानी पिवळाच येतं. थेंब टाकला त गुलाबी झाला. मी नाय भरला, पन पाटी वाचून बाकीची पितात."

मी अध्यक्षांकडे गेलो. "नवा माल आहे, बसायला वेळ लागतो," ते म्हणाले आणि चिकूच्या पेट्यांकडे वळले. मी पाड्यावर जाऊन पाटी काढली, मूठभर कीस घेतला आणि सरांकडे गेलो.

सरांनी पडल्या पडल्या चुंबक फिरवला. कीस हलला नाही.

"गंजत नाही म्हणून तर याची भांडी करतात. आणि गंजत का नाही? याच्या पोटात क्रोमियमच आहे." ते हसले, मग बराच वेळ खोकले. "चोर धरायला चोराचा भाऊ नेमलात. पाटी कुणी लिहिली?"

"मी."

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. माझ्याबद्दल त्यांनी काढलेले ते शेवटचे उद्गार. मग चुंबक माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड वळवलं. त्याच आठवड्यात ते गेले.

शोकसभेत अध्यक्षांनी सांगितलं, "सर आपल्यात कायम चमकत राहतील." केवढी शिवी दिली हे त्यांना कळलंही नाही. टाळ्या मात्र पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवणारी माणसं ती. मी उठून बाहेर आलो.

रविवारी लेथवाल्याकडून साधा कीस घेतला, चुंबक लावून पाहिला, धुतला आणि पाड्यावर नेला. जानकीबाईने पिंप रिकामं केलं, आम्ही दोघांनी भरलं. पहिल्या खेपेचं पाणी गुलाबी झालं, दुसऱ्या खेपेचंही; मी पाणी फार जोरात सोडत होतो. तिसऱ्या रविवारी तिने नळी उन्हात धरली, बराच वेळ पाहिलं आणि हंडा पुढे सरकवला.

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, सदरा गेला तुमचा."

मी खाली पाहिलं. सदऱ्यावर गंजाचे डाग पडले होते. नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.