लबाड पायरी

टाकीकाकांचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक, पाणी उताराकडे वाहतं. दुसरी, काकू. बाकी सगळं तपासून घ्यायचं. दूधवाला हसला की दूध हुंगायचं. शेजाऱ्यानं एका दिवसात दोनदा "काय, बरं आहे ना?" विचारलं की तिसऱ्यांदा तो शिडी मागायला येणार हे ओळखून शिडी आधीच माळ्यावर टाकायची. आणि शेजारी खरोखरच शिडी मागायला यायचा, हे या माणसाचं दुर्दैव. एकदा संशय खरा ठरला की दहा खोटे संशय त्याच्या जिवावर जगतात.

एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या पाण्याच्या टाकीवर नोकरी केली, आणि त्यातली निम्मी गळती शोधण्यात गेली. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीखालच्या नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि ऐकायचं. आवाजावरून नेम लागला नाही तर एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं, म्हणजे शेवटी जो उरतो तिथे पाणी मुरतंय. हाताखालच्या लोकांना ते सांगायचे, "रस्ते खणायची घाई करू नका रे. दहापैकी सात वेळा गळती घराच्या उंबऱ्यापाशीच असते."

टाकी एका टेकाडावर आहे. तिच्या मागे तेरा पायऱ्या चढून गेलं की दगडी कट्टा लागतो. तिथून नदीचं वळण दिसतं, दोन्ही पूल दिसतात आणि सगळं शहर पायाशी असल्यासारखं वाटतं. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं, दर गुरुवारी साडेचारला, काका आणि काकू चहाचा थर्मास घेऊन तिथे जाऊन बसत. दीड तास दोघंही अवाक्षर काढत नसत. काका याला समाधान म्हणत. एकदा काकूंनी पुलावर गर्दी कसली म्हणून विचारलं, तेव्हा ते "शू, ऐक" म्हणाले होते. काय ऐकायचं ते काही सांगितलं नव्हतं.

अशाच एका गुरुवारी पायऱ्यांच्या तळाशी एक अनोळखी जोडपं उभं होतं. मुलीच्या हातात पिवळा कागद होता.

"काका, लबाड पायरी हीच का हो?"

काकांच्या पाठीतून थंडगार पाण्याची धार गेली. खालून तिसरी पायरी दोन बोटं ठेंगणी होती. पाय उचलावा तेवढी ती वर येत नसे आणि नवखा माणूस हमखास अडखळे. गवंड्यानं लबाडी केली, असं काका पहिल्या दिवसापासून सांगत आले होते, म्हणून ती लबाड पायरी. पण हे बारसं त्यांनी घरात केलं होतं, चव्हाट्यावर नाही!

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"यात छापलंय की." मुलीनं कागद पुढे केला. 'आपल्या शहरात काय करावं? रहिवाशांच्या शिफारशी.' नववी शिफारस अशी होती: 'टाकीमागचा कट्टा. साडेचारनंतर जा. डावीकडे बसा, उजवीकडे ऊन डोळ्यांवर येतं. तिसरी पायरी लबाड आहे, सांभाळून.'

"बघितलंस?" काकांनी कागद काकूंसमोर नाचवला. काकू थर्मासचं झाकण घट्ट करत होत्या. ते आधीच घट्ट होतं.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी डावीकडे ते जोडपं बसलं आणि काका दीड तास उजवीकडे, डोळ्यांवर ऊन घेऊन, दात आवळत बसले. चार माणसांना ठाऊक झालेली जागा आपली राहत नाही. पुढच्या महिन्यात इथे भेळवाल्यांची रांग लागेल आणि काकूंना घेऊन जायला त्यांच्यापाशी दुसरी जागाच नव्हती. सिनेमाचा त्यांना वीट आला होता, बागेत ओळखीचे भेटत. होतं ते एवढंच.

घरी आल्यावर त्यांनी हिशेब मांडला. 'लबाड' हा शब्द कोणाकोणाच्या कानावर गेला असेल? एक, टाकीवर त्यांच्या जागी आलेला माणूस. त्याला येऊन चार वर्षं झाली तरी काका त्याला 'नवा'च म्हणत. दोन, काकूंचा भाऊ, जो एकदा त्या पायरीवर पाय मुरगळून घेऊन महिनाभर घरी बसला होता. काकूंना त्यांनी यादीत धरलंच नाही. स्वतःच्या हाताला कोणी जाब विचारतं का?

दुसऱ्या दिवशी पहिला व्हॉल्व्ह. नवा पंपाच्या खोलीत मोटारीला ग्रीस लावत होता.

"ही कागदबाजी तुझी?" काकांनी दारातूनच सुरुवात केली.

"मी कशाला हो करू? माझ्याच डोक्याला ताप झालाय. सकाळपासून तिघं जण पाणी प्यायला आलेत." त्यानं कागद वाचला. "आणि लबाड काय? मी तर आखूड पायरी म्हणतो तिला. तिनं तुमचं काय वाकडं केलं?"

काकांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस ग्रीसचा हात तसाच कपाळाला पुसत नाही. हा व्हॉल्व्ह बंद.

"काकू मात्र मागे विचारत होत्या," नवा म्हणाला, "इथे दिवसभर कोणी बोलायला असतं का म्हणून. मायाळू आहेत हो."

हे वाक्य काकांच्या कानावरून गेलं. कानात गेलं नाही.

मग मेहुण्याची पाळी. मेहुणा शिंपी होता आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. काकांना वाटलं, चोर सापडला. मेहुणा गळ्यात टेप अडकवून कापड कापत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कात्री खाली ठेवली आणि तो उखडला.

"भाऊजी, माझा घोटा अजून थंडीत दुखतो. मी शिफारस केली असती तर 'तिकडे फिरकू नका' अशी केली असती! आणि डावीउजवीकडचं ऊन मला काय ठाऊक? मी तर तिसऱ्या पायरीवरूनच परत आलो." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "ताईला विचारलंत?"

"तिला काय विचारायचंय?"

"तेच म्हणतो मी," मेहुणा म्हणाला आणि पुन्हा कात्री चालवू लागला.

काकांना राग आला. आता रस्ता खणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ते थेट वाचनालयात गेले, कारण कागदाच्या तळाशी वाचनालयाचा शिक्का होता. तिथल्या बाई चष्मा दोरीनं गळ्यात अडकवून बसल्या होत्या. त्यांनी समजावलं, दाराशी एक पेटी ठेवली होती, लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्यांतून निवडून छापलं.

"नववी शिफारस काढून टाका," काका म्हणाले. "जागा धोक्याची आहे. मी तिथे एकतीस वर्षं होतो."

"धोक्याची असेल तर काढते. पण सुचवलंय फार मनापासून. थांबा, दाखवते." बाईंनी बुटांच्या खोक्यातून चिठ्ठी शोधली. "नाव नाही घातलेलं."

नावाची गरजच नव्हती. काकू लिहिताना आधी नुसती रेघ ओढतात आणि मग तिला खाली एकेक अक्षर टांगतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. त्यामुळे अक्षरं संपली तरी रेघ थोडी पुढे उरतेच. साखरेच्या डब्यावर उरते, मिठाच्या डब्यावर उरते. या चिठ्ठीवरही प्रत्येक ओळीला रेघ पुढे उरली होती.

आणि चिठ्ठीत दोन वाक्यं जास्त होती.

'जागा छान आहे, पण सोबत बोलणारं माणूस न्या. नाहीतर संध्याकाळ फार लांब वाटते.'

"तेवढं जागेअभावी गाळलं आम्ही," बाई म्हणाल्या.

काकांनी ते दोनदा वाचलं. आधी त्यांना संताप आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. मग लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. चार वर्षं दर गुरुवारी ते ज्याला समाधान समजत होते, ते एकट्याचंच होतं. बाजूला बसलेल्या माणसाला करमत नव्हतं आणि तिनं ते सांगितलं कोणाला, तर पेटीला.

"मग काढू ना नववी?"

"राहू द्या," काका म्हणाले. जाता जाता दारातून परत फिरले. "पुढच्या वेळी ती दोन वाक्यंही छापा. मुद्द्याची तीच आहेत."

घरी ते काही बोलले नाहीत. बोलायची सवय एका दिवसात लागत नाही. पण गुरुवारी साडेचारला टेकाड चढता चढता त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, नदीला पाणी कमी दिसतंय. मग म्हणाले, नव्यानं मोटारीला ग्रीस फार लावलंय. मग, तुझ्या भावाचा घोटा कसा आहे?

काकू जागच्या जागी थांबल्या. आता संशयानं बघायची पाळी त्यांची होती.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला? डॉक्टरकडे जाऊन आलात का मला न सांगता?"

"वाचनालयात जाऊन आलो."

काकूंनी थर्मास या हातातून त्या हातात घेतला. वर कट्ट्यावर डावीकडे कोणीतरी बसलेलं होतं, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. काका तिसऱ्या पायरीपाशी आले आणि तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "ही लबाडी गवंड्याची नाही. या पायऱ्या बांधल्या तेव्हा मापाची दोरी माझ्या हातात होती. नवीनच नोकरी होती, तू डबा घेऊन खालून येताना दिसलीस आणि हात खाली आला. साहेबानं विचारलं तेव्हा मी बिचाऱ्या गवंड्याचं नाव सांगितलं."

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "मी खालून येतच होते ना. हात खाली आलेला मी पाहिला होता."

"मग पस्तीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलू कधी दिलंत?"