भाऊसाहेबांच्या कोटाची भरपाई

दुष्काळाच्या साली मला कर्जतच्या तहसील कचेरीत टायपिस्टची हंगामी नोकरी लागली. मी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी मराठीच बोलायचे, पण कचेरीतल्या मोठमोठ्या आवाजांत माझा आवाज निघत नसे. टाइपरायटरचा आडोसा बरा वाटायचा. त्यामागून सगळं दिसे आणि सहसा कुणी काही विचारत नसे.

अपवाद एका तलाठ्यांचा. तलाठ्याला आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात. हे भाऊसाहेब आले की आधी माझ्या टेबलावर मूठभर बोरं ठेवत, मग तहसीलदार साहेबांकडे जात.

थंडीत एकदा ते कोट हातावर टाकून आले. गुरांच्या छावणीत जनावरं मोजताना बैलानं शिंग घातलं होतं. अंगाला ओरखडाही नव्हता, पण कोट खिशापासून काखेपर्यंत फाटला होता.

“बैलानं उतारा मागितला असंल,” शिपाईमामा म्हणाले. “तुमी म्हणला असाल, उद्या ये.”

“हसू नका मामा. उन्हाळ्यात पोरीचं लग्न हाय. व्याह्यांपुढं काय घालून उभा राहू?”

नियमांचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे आलं. मी वाचून सांगितलं: कामावर असताना कर्मचाऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर सरकार भरपाई देऊ शकतं. अर्ज करायचा आणि वस्तू साहेबांसमोर हजर करायची. एवढं एका दमात मी तिथं कधी बोलले नव्हते. कान तापले.

“सरकार कोट देणार!” भाऊसाहेब म्हणाले. “ताई, लग्नात तुमचं पान पहिल्या पंक्तीला.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. ती पिशवी घेऊन व्हरांड्यात बसली, हे आत गेले. कोट धुऊन, इस्त्री करून पंच्यात गुंडाळलेला. साहेबांनी तो उलटापालटा केला, खिडकीशी धरला.

“भाऊसाहेब, फाटलाय कुठं?”

भाऊसाहेब वाकले. बोट फिरवत फिरवत त्यांना ती जागा सापडली. बायकोनं कोटाच्या आतल्या दुमडीतले धागे काढून रफू केलं होतं. “फाटका कोट साहेबांपुढं न्यायचा व्हय? लोक मला नावं ठेवतील,” असं ती म्हणाली होती म्हणे. सगळे हसले. टाइपरायटरमागे मीसुद्धा.

साहेब भला माणूस. म्हणाले, “जे दिसत नाही ते नुकसान मी लिहू कसं? टाके उसवून आणा, लगेच सही करतो.”

“उसवा की, हाय काय त्यात!” शिपाईमामांनी ब्लेड पुढं केलं.

भाऊसाहेबांनी कोटाची घडी घातली. “डोळे फोडून केलंय तिनं. आता उसवलं म्हणून तिला कोण सांगणार? तुमी?”

मामांनी ब्लेड खिशात ठेवलं.

माझी खिडकी व्हरांड्याकडे होती. भाऊसाहेब बाहेर आले तशी बायको उठून उभी राहिली. “काय म्हनले साहेब?”

“म्हनले, रफू कुनी केलं? असलं काम नगरातबी व्हत न्हाई.”

तिनं पदर तोंडाशी नेला. “आन् नवा कोट?”

“नवा कशाला? ह्योच हाय की चांगला.”

टाइप केलेला अर्ज माझ्याकडेच राहिला.

लग्नाला मी गेले. भर उन्हात, फेटा बांधून, घामानं निथळत भाऊसाहेब तोच कोट घालून व्याह्यांची गळाभेट घेत होते. मी लांबून फाटलेली जागा शोधली, मला काही दिसली नाही. दुष्काळामुळे पंगत लहान होती आणि माझं पान खरंच पहिल्या पंक्तीला होतं. त्यांची बायको लापशी वाढायला आली, तशी माझ्यापाशी वाकून हळूच म्हणाली, “ताई, साहेबांनी रफू लई वाखाणलं म्हने. आमच्या यांचं काय खरं न्हाई, काहीबी सांगतात. तुमी हुता ना तिथं?”

“हो,” मी म्हणाले. “मी तिथंच होते. खूप वाखाणलं.”

तिनं माझ्या पानावर लापशीचा आणखी एक डाव टाकला.